अहवाल आणि कायदा यांच्यामधली वर्षं

विधी आयोगाचा दहावा अहवाल १९५८ सालचा आहे. विषय भूसंपादनाचा कायदा, म्हणजे इंग्रजांनी १८९४ साली केलेला तोच. स्वतंत्र भारतातला पहिला विधी आयोग १९५५ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि तीनच वर्षांत त्याने या कायद्याला हात घातला. आमच्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले, प्रत्येकी १४० मेगावॅटचे. जमिनी अर्थातच त्याआधी गेल्या. १८९४ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली १९८४ मध्ये, आणि तो पुरता मोडीत निघाला १ जानेवारी २०१४ रोजी. म्हणजे इथल्या जमिनी गेल्या त्या अहवाल आल्यानंतर आणि सुधारणा होण्याआधी. ही सालं मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. कायदा सुधारायला किती वर्षं लागतात, याची चर्चा दिल्लीत होते. ती वर्षं काढावी लागतात गावातल्या माणसांना.

*

शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. नातवासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचा आहे. पिशवीत जुनी नोटीस, निवाड्याची नक्कल, घडीवर फाटलेला सातबारा आणि मोबदल्याची पावती. पावतीवर त्यांच्या वडिलांचा अंगठा. शाई आता तपकिरी पडलेली. मी त्या अंगठ्याच्या वरखाली ‘हरकत राखून’ हे शब्द शोधले. नव्हते.

जुन्या कायद्यात मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठवायला सांगता येई. पण पैसे हरकत न नोंदवता घेतले असतील, तर हा अर्ज करण्याचा हक्कच जाई. कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय मुदत सहा आठवड्यांची, काही परिस्थितीत फार तर सहा महिन्यांची. त्यामुळे ज्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द ठाऊक होते त्याला कोर्टाचा दरवाजा उघडा होता, आणि ज्याला अंगठा उठवावा लागत होता त्याला बंद. बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं, एकच अधिसूचना, आणि शेवटी भाव दोन.

“सही-अंगठा तर सगळ्यांनीच केला होता, दादा. साहेबांनी बोट दाखवलं तिथं,” आजोबा म्हणाले.

१९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आणलं. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर अर्ज न केलेल्यालाही तीन महिन्यांच्या आत तसाच हिशेब मागता येऊ लागला. गरीब आणि आपलं म्हणणं मांडू न शकणारे लोक कलम १८ पर्यंत पोचत नाहीत, हेच कारण त्या विधेयकासोबत सरकारने लिहून दिलं होतं. दिलासा रक्कम, जिला कोर्टात सगळे सोलेशियम म्हणतात, ती १५ टक्क्यांची ३० टक्के झाली. २०१४ पासूनच्या कायद्यात ती १०० टक्के आहे. पिशवीतल्या पावतीला यातलं काहीही लागू नाही.

*

वरच्या गोष्टीतूनच मला सल्लागार आयोगाचं खरं काम कळतं. न्यायालयासमोर येतो तो भांडायला आलेला माणूस. जो आलाच नाही त्याची फाइल तयार होत नाही, आणि फाइल नसलेल्याचं दुःख न्यायाधीशाला दिसण्याची सोय नाही. आमदार-खासदारांना पाच वर्षांनी मतं मागायची असतात. मोबदल्याच्या कलमावर कुणी निवडून येत नाही. खात्याला आपला प्रकल्प पुढे रेटायचा असतो. या सगळ्यांच्या बाहेर बसलेलं, कुठल्याच फाइलमध्ये पक्षकार नसलेलं कुणीतरी लागतं, जे सावकाश विचारेल: हा कायदा ज्यांच्यावर चालला, त्यांचं काय झालं?

*

विधी आयोग म्हणजे प्रत्यक्षात काय? अध्यक्षपदी बहुधा निवृत्त न्यायमूर्ती, काही सदस्य, सचिव, थोडे संशोधक. तो कुणाला शिक्षा करू शकत नाही, कायदा रद्द करू शकत नाही, सरकारला आदेश देऊ शकत नाही. हातात एकच गोष्ट, शिफारस. अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. पुढे तो स्वीकारायचा, अर्धा स्वीकारायचा की बासनात बांधायचा, हे सरकारच्या मर्जीवर. तरी या कागदांनी आपलं रोजचं जगणं किती बदललं आहे, हे मोजायला बसलं की थक्क व्हायला होतं.

*

मॅकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला. कायदा झाला १८६० मध्ये, लागू झाला १ जानेवारी १८६२ ला. विलंबाची परंपरा जुनी आहे एवढंच नोंदवून ठेवतो.

*

अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. १९२८ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष, म्हणून ती जोशी समिती. समितीने प्रश्नावली काढली, देशभर फिरून साक्षी घेतल्या, वैद्यांना विचारलं, शास्त्र्यांना विचारलं, बायकांना विचारलं. सदस्यांमध्ये रामेश्वरी नेहरू होत्या, एक डॉक्टर महिलाही होती. त्याआधी १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं तेव्हा पुण्यात केवढं रान उठलं होतं. त्या वादात ज्या मुलींबद्दल बोललं जात होतं त्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. जोशी समितीने तो सरकारी कागदावर आणला: लहान वयातली बाळंतपणं, शरीराची झालेली नासाडी, सुटकेची वाट नसलेली लग्नं.

बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे सारडा कायदा, १९२९ मध्ये मंजूर झाला. मुलीचं वय १४. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत मुलींची लग्नं उरकून घेण्याची घाई उडाली. ही मधली वर्षं, कधी मधले महिने, प्रत्येक वेळी कुणाच्या तरी वाट्याला येतातच.

*

हिंदू कायदा समितीचे अध्यक्ष बी. एन. राव. तिच्यात पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. १९४५ मध्ये समिती गावोगाव साक्षी घेत फिरली; मुंबई, पुणे, नागपूरही त्यात होतं. सदस्य द्वारकानाथ मित्तर यांचं मत वेगळं पडलं, तेही नोंदलं गेलं. पुढे डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल हाती घेतलं, ते अडवलं गेलं, १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९५५-५६ मध्ये तेच काम चार तुकड्यांत कायदा होऊन आलं. त्या कायद्यातही मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी नव्हती. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये स्वतः केली. विधी आयोगाचा १७४ वा अहवाल २०००चा, आणि देशभराचा कायदा २००५ चा. निदान इथे आमचं राज्य अहवालाची वाट बघत बसलं नाही, याचा मला अभिमान आहे. हक्कसोडपत्रावर भाऊ बहिणीची सही कशी घेतो, हा वेगळा विषय. त्यावर कुणी आयोग नेमला तर मी साक्षीला जाईन.

*

मथुरा प्रकरणावर थोडं सविस्तर लिहून ठेवायचं आहे, कारण ते महाराष्ट्रातलं आहे आणि शिफारस आणि कायदा यांतलं अंतर तिथे उघडं दिसतं.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी, तिच्यावर ठाण्याच्या आवारातच पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा आरोप. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून संमती होती असं मानलं गेलं. ठाण्यात, रात्री, खाकी वर्दीसमोर, गरीब घरातली मुलगी ओरडली नाही म्हणून.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यातून मुंबईत आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सरकारने प्रश्न विधी आयोगाकडे पाठवला. आयोगाचा ८४ वा अहवाल एप्रिल १९८० मध्ये आला. काही महिन्यांत, आणि स्पष्ट शब्दांत.

कायदा झाला १९८३ मध्ये. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, हे कलम ११४-अ तेव्हा पुराव्याच्या कायद्यात आलं. बंद दालनात सुनावणी आली. पण पीडितेच्या पूर्वायुष्यावर उलटतपासणीत चिखल उडवायला लगाम घाला, ही शिफारस गाळली गेली. ती सोय पुराव्याच्या कायद्याच्या कलम १५५ मध्ये तशीच राहिली. आयोगाने २००० मध्ये १७२ व्या अहवालात ते पोटकलम काढाच म्हणून सांगितलं, आणि २००२ मध्ये ते गेलं. या बावीस वर्षांत किती बायकांना साक्षीच्या पिंजऱ्यात ते प्रश्न ऐकावे लागले असतील! सरकारने १९८३ मध्ये ही शिफारस का नाकारली, याचं कारण देण्याचं बंधन असतं तर निदान त्या कारणाशी भांडता आलं असतं.

*

नेमकी इथेच आपली व्यवस्था लंगडी पडते. ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये संसदेने कायदा करून विधी आयोग स्थापला. २००९ मध्ये त्यात भर घातली: आयोगाच्या कुठल्या शिफारशी अमलात आल्या नाहीत आणि का, हे मंत्र्याने दरवर्षी संसदेला सांगायचं. शिफारस नाकारण्याचा अधिकार सरकारचाच राहिला. फक्त गप्प बसण्याचा अधिकार गेला.

आपला विधी आयोग आजही सरकारी आदेशाने, तीन-तीन वर्षांसाठी नेमला जातो. २१ व्या आयोगाची मुदत ऑगस्ट २०१८ मध्ये संपली. २२ वा स्थापन झाल्याची अधिसूचना निघाली फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि त्याला अध्यक्ष मिळाले नोव्हेंबर २०२२ मध्ये. चार वर्षं खुर्ची रिकामी. त्याच काळात, मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, फौजदारी कायदे नव्याने लिहिण्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात वेगळी समिती बसवली गेली. तिचा अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. नवे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. मला त्या कायद्यांतली काही कलमं पटतात. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या दुःखी माणसाला गुन्हेगार ठरवणारं जुनं कलम ३०९ गेलं; ते काढण्याची मागणी १९७१ च्या ४२ व्या अहवालापासून होत होती. पण कुठली शिफारस कुणी कुठल्या कारणाने केली, हे वाचायला मिळायला हवं होतं. दंडसंहिता बदलणं ही दीडशे वर्षांत एकदा होणारी गोष्ट आहे.

*

सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर १९६६ मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९७१ ते १९७७ विधी आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळातला ५९ वा अहवाल १९७४ चा. त्यानंतर १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाचं कलम १३-ब आलं. आज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात दोघं जण एकमेकांवर चिखलफेक न करता वेगळे होतात, ते या कलमामुळे. अहवाल ते कायदा अवघी दोन वर्षं. म्हणजे मनात आणलं तर होतं.

याच्या पुढचं पाऊल, लग्न पुरतं मोडलंय एवढ्याच कारणावर घटस्फोट, १९७८ च्या ७१ व्या अहवालात सुचवलं गेलं. संसदेने ते आजवर केलेलं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या खास अधिकारात तशी मोकळीक स्वतःपुरती मान्य केली. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत असलेल्यांसाठी.

*

स्वतंत्र म्हणजे काय, याचं मला पटलेलं उदाहरण फाशीच्या प्रश्नावरचं आहे. १९६७ च्या ३५ व्या अहवालात आयोगाने फाशी ठेवा म्हटलं. सोलापूरचे अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात आयोगाने दहशतवादी गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा म्हटलं. एक पूर्णवेळ सदस्य आणि सरकारचे दोन सचिव असहमत होते, आणि त्यांची असहमती त्याच अहवालात छापली आहे. अठ्ठेचाळीस वर्षांनी स्वतःचं मत तपासायचं, बदलायचं, आणि विरोधातला आवाजही त्याच मुखपृष्ठाखाली छापायचा. संस्थेवर माझा विश्वास बसतो तो असं काही वाचून.

*

आता राख. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण जास्त. वीजकेंद्र कुठलंही असो, कोळसा जळला की राख उरते, ती बंधाऱ्यात साठते, विटा-सिमेंटला जाते, वाऱ्यावर उडते. केंद्राच्या परिसरात राहणारा माणूस वळचणीखाली वाळत घातलेल्या कुरडयांवर बोट फिरवून बघतो. अशा प्रश्नाचा न्याय कसा करायचा? कण केवढे, विहिरीच्या पाण्यात काय उतरलं, दमा कशाने बळावला: यात निम्मा कायदा आणि निम्मं विज्ञान. दिवाणी न्यायालयात त्याला पिढी जायची.

न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांनी सर्वोच्च न्यायालयात १९९९ मध्ये एका प्रदूषणाच्या खटल्यात हीच अडचण लिहिली आणि विधी आयोगाने यात लक्ष घालावं असं सुचवलं. पुढे ते स्वतः आयोगाचे अध्यक्ष झाले. सप्टेंबर २००३ चा १८६ वा अहवाल त्यांच्याच काळातला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली पर्यावरण न्यायालयं अभ्यासून त्यांनी आपल्याकडे न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञ बसतील अशी न्यायालयं सुचवली. १९९५ मध्ये अशाच एका न्यायाधिकरणाचा कायदा झाला होता, पण ते न्यायाधिकरण कधी उभंच राहिलं नाही. या अहवालानंतर २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या किचकट पायऱ्या त्याला बांधून ठेवत नाहीत, शक्यतो सहा महिन्यांत निकाल लावायचा, आणि शास्त्रज्ञ सदस्य निकालात बरोबरीने भाग घेतात.

आयोगाने राज्या-राज्यांत न्यायालयं मागितली होती. मिळाली पाच पीठं. पश्चिम भारताचं पुण्यात आहे. एकलहऱ्याहून पुणं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर; सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, वकील मराठी बोलणारा मिळतो. शिफारस अर्धीमुर्धी अमलात आली तरी किती फरक पडतो, ते इथे दिसतं. गोवा, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एका पीठावर किती भार पडतो, हेही दिसतं.

*

ग्रामन्यायालयांची कल्पना १९८६ च्या ११४ व्या अहवालात आहे. कायदा २००८ चा, अंमल २ ऑक्टोबर २००९ पासून. कायद्यात राज्यांवर सक्ती नाही. आमच्या पंचक्रोशीतला माणूस बांधाच्या भांडणासाठी अजून नाशिकरोडच्या नाहीतर नाशिकच्या कोर्टाच्याच पायऱ्या चढतो.

*

आयोग लोकांना विचारतो, ही त्याची मोठी ताकद. पण विचारतो कसा? जाहीर सूचना संकेतस्थळावर, तीस दिवसांची मुदत, उत्तर ईमेलने. २०२३ मध्ये समान नागरी कायद्यावर मतं मागवली तेव्हा लाखोंनी उत्तरं आली, कारण त्या विषयावर संघटना कामाला लागल्या होत्या. मोबदल्याच्या कलमावर, हक्कसोडपत्रावर, राखेच्या बंधाऱ्यावर अशी उत्तरं कोण पाठवणार? जोशी समितीला १९२८ मध्ये रेल्वेने फिरून जे जमलं, ते आज अधिक सोपं असायला हवं.

एक साधी सूचना मी लिहून ठेवली आहे आणि ती आयोगाला पाठवणार आहे. प्रश्नावली मराठीत काढा आणि ग्रामसभेपुढे ठेवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांना आपल्याकडे ग्रामसभा भरतातच. प्रश्न थोडे आणि रोखठोक हवेत. जमीन घेतली तेव्हा नोटीस तुमच्या हातात मिळाली का? ती कुणी वाचून दाखवली? पैसे घेताना कशावर सही केली, ते सांगितलं होतं का? घरातल्या बाईचं नाव कागदावर होतं का? उत्तरं ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहायची, खाली सह्या-अंगठे घ्यायचे, आणि एक प्रत गावाकडे ठेवायची. मुदत सहा महिन्यांची हवी, म्हणजे कांदा काढणीत गेलेला माणूसही उत्तर देईल.